जोगेश्वरी लेणे : श्रमदानात काय करावे आणि कशाला हात लावू नये?

पूर्वद्वार

नमस्कार. जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची वसाहत आहे. नवरात्र जवळ आले की आमच्या मंडळात लेण्याच्या स्वच्छतेचा विषय निघतोच. यंदा तरुण मुलांनी पुढाकार घेऊन एक आराखडाही तयार केला आहे. पूर्वेकडच्या पायऱ्यांवरचा कचरा उचलणे, अंगणात साचलेले पाणी उपसणे, भिंतींवरचे शेवाळ आणि पांढरा थर तारेच्या ब्रशने घासून काढणे, द्वारपालांच्या मूर्ती साबणाच्या पाण्याने धुणे आणि जिथे खांब खालून पोखरले गेले आहेत तिथे सिमेंटचा गिलावा करून घेणे, अशी कामे त्यात आहेत. गिलाव्यासाठी मंडळातलेच एक अनुभवी गवंडी विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत. या मंडळींच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही; सुट्टीच्या दिवशी घरी न बसता घमेले उचलायला तयार असलेली मुले आज किती सापडतात?

तरीही मन साशंक आहे. परवा एका भिंतीवरच्या पांढऱ्या थराला मी बोटाचे टोक हलकेच लावले, तेव्हा थराबरोबर दगडाची भुकटीही बोटावर आली. जो दगड बोटाने निघतो तो तारेच्या ब्रशपुढे कसा टिकेल, हा प्रश्न मी बैठकीत विचारला. त्यावर “मग काय तसाच कुजू द्यायचा का?” असा उलटा प्रश्न आला आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. शिवाय छतातून पाणी टिपकते ते पाऊस थांबल्यावरही थांबत नाही, आणि त्याला येणारा वास पावसाच्या पाण्याचा नसतो, हे तिथे नियमित दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. याबद्दल एका कार्यालयात अर्ज केला होता. तिथून दुसऱ्या कार्यालयात जाण्यास सांगितले गेले, आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवले.

आमच्या भागातल्या मुलांना घारापुरी माहीत आहे, कारण शाळेची सहल तिथे जाते. आपल्या घराशेजारचे हे लेणे सहाव्या शतकातले, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते घारापुरीच्याही आधीचे आहे, असे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. त्यामुळे श्रमदानाचा हा उत्साह मला विझवायचा नाही, योग्य दिशेला लावायचा आहे. या आराखड्यातले नेमके काय करण्यासारखे आहे, काय मुळीच करू नये, आणि त्या गळतीचे काय करता येईल, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

कातळवाट

ताई, पायऱ्यांवरचा कचरा उचलणे आणि साचलेले पाणी काढणे ही दोन कामे स्थळावरच्या पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली खुशाल करावीत. उरलेली तिन्ही कामे कृपा करून थांबवा. ती का थांबवावीत हे मुलांना पटवून देता यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी दगड समजून घ्यावा लागतो. सह्याद्रीतल्या लेण्यांचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे काळा, घट्ट बेसाल्ट उभा राहतो. घारापुरीचे मुख्य लेणे तसल्या दगडातले आहे, आणि तुमच्याजवळची अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तर त्याच्या उभ्या स्तंभांचीच बनलेली आहे. जोगेश्वरीचे लेणे मात्र ज्वालामुखीय ब्रेक्शियात खोदलेले आहे. उद्रेकात फुटलेले टोकदार तुकडे आणि त्यांच्याभोवतीची राख कालांतराने एकजीव होऊन हा दगड तयार होतो. असा दगड छिन्नीला तुलनेने लवकर वश होतो; सुमारे २४० फूट लांब आणि २०० फूट रुंद एवढा मोठा व्याप इथल्या कारागिरांनी हाती घेतला, त्यामागे हेही एक कारण असू शकेल असे मला वाटते. पण जो दगड छिन्नीला मऊ, तो पाण्यालाही मऊ. त्यातले तुकडे कठीण आणि त्यांना धरून ठेवणारा भाग ठिसूळ असल्यामुळे ओल लागली की ठिसूळ भाग आधी झिजतो, तुकडे उघडे पडतात आणि काही वर्षांनी गळून जातात. दक्षिणेकडच्या ओसरीतले खांब जवळून पाहा. कोरीव काम जिथे होते तिथे आता मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. त्याच ओसरीच्या मागच्या भिंतीवर आणि आतल्या दालनांत शिव-पार्वतीचा विवाह, त्यांचा सारीपाटाचा डाव, कैलास हलवणारा रावण असे प्रसंग कोरलेले होते. आज त्यांतल्या आकृत्या बाह्यरेषेवरूनच ओळखाव्या लागतात. चेहरे, दागिने, वस्त्रांच्या चुण्या हे सारे दगडाबरोबर गळून गेले आहे.

आता त्या पांढऱ्या थराविषयी. तो थर म्हणजे बाहेरून बसलेला मळ नव्हे. माथ्यावरून झिरपणारे पाणी कातळातून खाली येताना क्षार विरघळवून आणते, आणि त्या पाण्यात सांडपाणी मिसळले असेल तर नायट्रेटसारख्या क्षारांची त्यात मोठी भर पडते. पावसाळ्यात दगड भिजलेला असतो तोवर हे क्षार पाण्यात विरघळलेले राहतात. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी होऊ लागली की पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक होतात. काही स्फटिक पृष्ठभागावर येतात. तेच आपल्याला पांढरे दिसतात. बाकीचे पृष्ठभागाच्या किंचित आत, दगडाच्या छिद्रांमध्येच धरतात आणि वाढताना वरच्या पापुद्र्याला बाहेर ढकलतात. तुमच्या बोटावर आलेली भुकटी या प्रक्रियेचा शेवट आहे. अशा जागी ब्रश फिरवला तर क्षार निघतील, पण मूर्तीचा उरलासुरला पृष्ठभागही त्यांच्याबरोबर निघून जाईल. आणि साबणाच्या पाण्याने दगडात आणखी पाणी व आणखी क्षार जातील, म्हणजे पुढच्या हिवाळ्यातल्या नुकसानीची तरतूद आपण आपल्याच हाताने करून ठेवू.

हा थर काढण्याच्या पद्धती आहेत, नाही असे नाही. शुद्ध पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा पृष्ठभागावर अलगद लावून ठेवतात; तो वाळत असताना दगडातले क्षार स्वतःकडे ओढून घेतो, मग तो काढून पुन्हा नवा लावतात. पण आधी दगडाची तपासणी, कोणते क्षार आहेत याचा शोध आणि सुट्या झालेल्या पापुद्र्यांना आधार देणे हे सारे व्हावे लागते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा यासाठीच आहे, तिचे मुख्यालय देहरादूनला आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट अशी की वरून पाणी येणे चालू असताना खालचे क्षार काढत राहण्याला काहीच अर्थ नसतो.

सिमेंटबद्दल तर मी हात जोडून सांगतो. पोर्टलँड सिमेंट या दगडापेक्षा कितीतरी कठीण असते आणि त्यातून ओल बाहेर पडू शकत नाही. खांबाच्या तळाला सिमेंट थापले की आतले पाणी गिलाव्याच्या कडेने, म्हणजे मूळ दगडातून वाट काढते. दोन-तीन पावसाळ्यांनी गिलावा शाबूत आणि त्याच्या वरचा अस्सल खांब पोखरलेला असे दृश्य दिसते. शिवाय सिमेंट स्वतःबरोबर सल्फेट आणि अल्कली क्षार घेऊन येते. म्हणून जिथे भर घालणे अपरिहार्य असते तिथे चुन्याचा, मूळ दगडापेक्षा मऊ असलेला मसाला वापरतात, कारण झिजायचे असेल तर आपण घातलेल्या भरीने झिजावे आणि मूळ काम राहावे, हा त्यामागचा हिशेब असतो.

चांगल्या हेतूने आणि त्या काळच्या तज्ज्ञांच्या हातून झालेले कामसुद्धा कसे अंगाशी येते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी चित्रांचे सुटत चाललेले पापुद्रे बसवून दिले ही मोठीच कामगिरी होती, पण वरून दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे-काळपट पडले आणि ते उतरवण्यासाठी नंतरच्या पिढ्यांना फार सावकाश काम करावे लागले. तिथे निदान रोगण उतरवणे शक्य तरी होते. घासून गेलेला दगड कोणीच परत आणू शकत नाही.

आता मुलांनी करण्याजोगे काम. छत टिपकते त्या जागांची त्यांनी महिन्यातून एकदा, दरवेळी त्याच ठिकाणी उभे राहून, शेजारी मापासाठी फूटपट्टी धरून, छायाचित्रे घ्यावीत आणि मागे तारीख लिहून ठेवावी. भिंतीला मात्र काहीही टेकवू नये. मुंबई उपनगरात वर्षाला सरासरी दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे पावसाच्या पाण्याची गळती हिवाळ्यात हळूहळू मंदावून उन्हाळ्यात थांबली पाहिजे. जी जागा एप्रिल-मे महिन्यांतही टिपकते तिथले पाणी बहुधा माणसांच्या घरांतले आहे, म्हणजे फुटलेल्या जलवाहिनीचे, गटाराचे किंवा शौचालयाच्या टाकीचे. एवढी एक नोंद वर्षभर शिस्तीने ठेवली तर तुम्हाला एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवणाऱ्यांसमोर पुरावा ठेवता येईल.

एक्सरकर

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु एक अप्रिय मुद्दा मांडणे भाग आहे. मी बोरिवलीत राहतो आणि मंडपेश्वराचे लेणे माझ्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. तेही शैव लेणे, तेही मुंबईतच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचे चर्चमध्ये रूपांतर केले, माथ्यावर मठ बांधला, आणि त्या मठाचे अवशेष आजही लेण्याच्या डोक्यावर उभे आहेत. एका बाजूला नटराजाचा शिल्पपट आणि दुसऱ्या बाजूला शिळेवर कोरलेला क्रूस असे दोन्ही तिथे पाहता येतात. एवढ्या उलथापालथीतूनही तो नटराज बऱ्यापैकी ओळखू येतो, आणि जोगेश्वरीची शिल्पे मात्र जवळजवळ पुसली गेली, याचे दुःख होते.

मला असे वाटते की जोगेश्वरीत रोजची पूजा चालू राहिल्यामुळेही नुकसान होत आहे. समया, धूप, कापूर यांची काजळी छतावर बसते, तेल-तूप आणि शेंदूर दगडात मुरतो, नारळाचे पाणी फरशीवर सांडते, भिंतींना तैलरंग दिला जातो, सोयीसाठी फरश्या आणि लोखंडी जाळ्या बसवल्या जातात. घारापुरीच्या मुख्य लेण्यात रोजची पूजाअर्चा चालत नाही, ते स्मारक म्हणून जपले जाते. जोगेश्वरीतही तसेच करून देवीची स्थापना बाहेर एखाद्या नव्या मंदिरात का करू नये? मी स्वतः श्रद्धाळू आहे, तेव्हा हे अश्रद्धेपोटी लिहीत नाही.

नीरांजन

एक्सरकर दादा, तुमची कळकळ समजते, पण हा उपाय मला मान्य नाही, आणि तो केवळ भावनेपोटी अमान्य आहे असे नव्हे.

आमच्या घरी जोगेश्वरी ही कुलदेवता. लग्न झाले की नवे जोडपे ओटी भरायला तिथे जाते, आणि आजीच्या काळापासून हा रिवाज आहे. त्या लेण्याच्या काठापर्यंत घरे आली तेव्हा आत देवी होती म्हणूनच दार बंद झाले नाही, आत गोठा किंवा गोदाम झाले नाही आणि लेणे आहे हे लोकांच्या ध्यानात राहिले. मुंबईतल्या ज्या लेण्यांत कोणी दिवा लावत नाही त्यांची अवस्था फार चांगली आहे, असेही दिसत नाही. शिवाय हे लेणे मुळात पूजेसाठीच खोदलेले आहे. पूर्वेच्या पायऱ्या उतरून पहिल्या दालनात यावे, मग उघड्या अंगणात, मग वीस खांबांच्या मंडपात आणि त्याच्या मधोमध असलेल्या गाभाऱ्यापाशी. उजेडातून अंधारात, पुन्हा उजेडात, पुन्हा अंधारात अशी ही वाट चालणाऱ्या भक्तासाठीच आखलेली आहे. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालता येते तीही त्याच कारणाने. दाराच्या वरच्या बाजूला शिवभक्तांच्या पाशुपत पंथाचा आचार्य लकुलीश कोरलेला आहे, तो कोणासाठी? या वाटेवरून माणसेच काढून घेतली तर उरेल ते लेण्याचे सांगाडारूप, असे मला वाटते.

मात्र पूजा कशी करावी याबद्दल तुम्ही जे लिहिले त्यातले बरेच खरे आहे आणि ते आम्हा भक्तांनीच मनावर घ्यायला हवे. दिवा गाभाऱ्यात एकच असावा, बाकीच्यांनी आपले निरांजन बाहेर अंगणात, उघड्यावर लावावे. नारळ आत फोडू नये. शेंदूर आणि तेल पूजेच्या मूर्तीपुरतेच असावे. भिंतीवरच्या अर्धवट झिजलेल्या आकृतीला हळद-कुंकू लावण्याचा मोह आवरावा, कारण ती बहुधा एखादा गण किंवा द्वारपाल असतो आणि त्याला लावलेले कुंकू ओलीत मुरून कायमचे बसते. तैलरंगाचा डबा तर दाराच्या आत जाताच कामा नये, कारण रंगाच्या थरामागे ओल कोंडते आणि थर सुटताना दगडासह सुटतो. हे सारे पुजाऱ्यांशी बसून, आदराने बोलून करता येण्यासारखे आहे. बाहेरून कोणी फलक लावून बंदी घातली तर लोक बिथरतात. तेच मंडळाच्या ज्येष्ठ बायकांनी आरतीनंतर सांगितले तर ऐकतात.

पार्लेकर

वकिलीच्या निमित्ताने संरक्षित स्मारकांचा कायदा नेहमी हाताळावा लागतो, म्हणून त्या बाजूने काही गोष्टी स्पष्ट करतो.

जोगेश्वरीचे लेणे केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे, म्हणजे त्याला १९५८चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम लागू होतो. या कायद्याचे कलम ३० संरक्षित स्मारकाला इजा पोहोचवणे, त्यात बदल करणे, ते विद्रूप करणे वा धोक्यात आणणे या सर्व गोष्टींना लागू आहे. २०१०च्या सुधारणेनंतर त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी झाली आहे. हेतू चांगला होता, एवढ्यावर सिमेंटचा गिलावा या कलमाबाहेर जात नाही. तेव्हा तुमच्या गवंडी मित्रांना या भानगडीत पडू देऊ नका.

पूजेबद्दल वर जी चर्चा झाली त्यात कायदा नीरांजन यांच्या बाजूने अधिक झुकतो. कलम १६ हे पूजास्थान असलेल्या संरक्षित स्मारकांसाठीच आहे. अशा वास्तूचा वापर तिच्या स्वरूपाशी विसंगत कारणासाठी होऊ नये आणि ती विटाळापासून व दूषित होण्यापासून राखली जावी, असा त्याचा आशय आहे. १९५९च्या नियमांतही स्मारकात सभा-समारंभांना परवानगी लागते, पण मान्य धार्मिक प्रथेनुसार होणाऱ्या गोष्टींना त्यातून सूट आहे. देवी बाहेर हलवण्याची मागणी त्यामुळे कायद्याच्या कसोटीवर फार पुढे जाईल असे मला वाटत नाही, आणि तिच्यामुळे भक्त व रहिवासी दोघेही दुरावतील, हे नुकसान वेगळेच.

खरा गुंता शंभर मीटरचा आहे. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा पट्टा विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम करता येईल असा, मानला जातो. १९९२च्या अधिसूचनेने ही अंतरे आली आणि २०१०च्या सुधारणेने ती कायद्यातच घातली गेली. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२च्या आधीच्या घरांची दुरुस्ती करायची असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. लेण्याच्या काठावर राहणाऱ्यांना चोर म्हणणे सोपे आहे, पण त्यांची अडचणही समजून घ्यावी. त्यांतली अनेक कुटुंबे कित्येक दशकांपासून तिथे आहेत; त्यांच्या वस्तीचा पुनर्विकास होत नाही, जागा सोडावी तर मुंबईत दुसरी मिळत नाही, आणि पुनर्वसनाची भाषा दरवेळी निवडणुकीच्या आसपासच ऐकू येते. उच्च न्यायालयात या लेण्याभोवतीच्या अतिक्रमणांवरून जनहित याचिका झाली आहे. पण न्यायालयाचा आदेश झाला तरी दुसऱ्या दिवशी गटार वळत नाही.

आणि इथेच मला एक वाट दिसते, जी फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. या कायद्याच्या कलम २ मध्ये “बांधकाम” म्हणजे काय ते सांगितले आहे आणि कोणत्या गोष्टी बांधकामात धरायच्या नाहीत तेही सांगितले आहे. त्या वगळलेल्या गोष्टींत गटारे व सांडपाण्याच्या निचऱ्याची कामे, त्यांची देखभाल आणि सफाई, तसेच सार्वजनिक शौचालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे “प्रतिबंधित क्षेत्र आहे, तिथे आम्ही गटार बांधू शकत नाही” हे उत्तर तुम्हाला कोणत्याही कार्यालयातून मिळाले तर ते कायद्याला धरून नाही. अर्थात माथ्यावरच्या कातळात खोदकाम करायचे झाल्यास पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय कुदळ लावता येणार नाही आणि लावूही नये. परंतु वस्तीतले सांडपाणी पक्क्या, न झिरपणाऱ्या नळातून लेण्याच्या माथ्यापासून दूर, उताराकडे नेणे हे काम महापालिका आणि पुरातत्त्व खाते एकत्र बसून करू शकतात. त्यासाठी कोणाचे घर पाडावे लागेलच असे नाही.

कातळवाट

पार्लेकर यांनी सांगितलेली ही तरतूद या संपूर्ण चर्चेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मी मानतो. लेणी खोदणाऱ्यांना पाण्याचे महत्त्व आपल्यापेक्षा अधिक कळत होते. कान्हेरीला जाऊन पाहिले तर माथ्यावरच्या कातळात कोरलेले पाट आणि जागोजागच्या पोढ्या, म्हणजे पाणी साठवायची खोदीव टाकी, यांवरून ते समजते. डोंगरावर पडणारा थेंब कुठून वाहील आणि कुठे साठेल याचा विचार तिथल्या प्रत्येक लेण्यात दिसतो. जोगेश्वरीला माथाच आपल्या ताब्यात राहिला नाही, त्यामुळे खाली कितीही घासले-पुसले तरी मूळ दुखणे तसेच राहते.

पूर्वद्वार

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी काल रात्री मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. क्षारांचे स्फटिक दगडाच्या आत वाढतात हे ऐकल्यावर ब्रश आणण्याचा विषय मुलांनी स्वतःच मागे घेतला. गवंडी काकांनी तर सांगितले की जुन्या घरांच्या भिंतींना सिमेंट लावल्यावर ओल वर चढते हे त्यांनी कामावर नेहमी पाहिले आहे, फक्त कातळातही तसेच होत असेल हे कोणी सांगितले नव्हते. आता ते पायऱ्या आणि अंगण साफ करण्याच्या कामात येणार आहेत, तेही स्थळावरच्या कर्मचाऱ्यांना आधी भेटून. पुजाऱ्यांशी बोलण्याची जबाबदारी दोन ज्येष्ठ काकूंनी घेतली आहे.

मुख्य निर्णय गळतीच्या नोंदींचा झाला. काठावरच्या वस्तीतली दोन मुलेही या कामात सामील व्हायला तयार आहेत, याचा मला फार आनंद आहे, कारण कोणाच्या घराचे पाणी कुठे जाते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. त्यांची एकच अट आहे: आपण दिलेली माहिती घरे पाडण्यासाठी वापरली जाऊ नये. ती अट मला न्याय्य वाटते. पार्लेकर काका, अर्ज कसा लिहावा म्हणजे तो गटारापुरताच राहील, आणि तो कोणाकोणाला द्यावा, एवढे सांगाल का?

पार्लेकर

अर्ज एकच लिहा आणि तो एकाच दिवशी दोन्हीकडे द्या: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला आणि महापालिकेच्या तुमच्या विभाग कार्यालयाला. प्रत्येक अर्जाच्या शेवटी दुसऱ्याला प्रत दिल्याचे नमूद करा आणि दोन्हीकडून पोच घ्या. त्यामुळे एकमेकांकडे बोट दाखवणे अवघड होते. मागणी एकाच वाक्यात असावी, ती अशी की लेण्याच्या माथ्यावरील व लगतच्या वस्तीतील सांडपाणी आणि पावसाचे पाणी लेण्यापासून दूर नेण्यासाठी दोन्ही यंत्रणांनी संयुक्त पाहणी करून निचऱ्याची योजना आखावी. त्याखाली १९५८च्या अधिनियमातील “बांधकाम” या संज्ञेचा आणि तीतून वगळलेल्या निचऱ्याच्या कामांचा उल्लेख करा. अतिक्रमण, झोपडी, बेकायदा हे शब्द अर्जात कुठेही येऊ देऊ नका. ते आले की फाइल दुसऱ्याच खात्यात जाते आणि तिथेच राहते.

घरांच्या क्रमांकांची यादी जोडू नका. हाताने काढलेला लेण्याचा आराखडा जोडा, त्यावर टिपकणाऱ्या जागा आतल्या बाजूने खुणा करून दाखवा, आणि प्रत्येक खुणेशेजारी कोणत्या महिन्यांत पाणी दिसले ते लिहा. उन्हाळ्यात चालू राहिलेल्या जागा वेगळ्या रंगाने दाखवा. अर्जावर मंडळाबरोबर देवस्थानाच्या पुजाऱ्यांची आणि काठावरच्या वस्तीतल्या रहिवाशांची सही असेल तर संयुक्त पाहणीच्या वेळी माथ्यावर जायची वाट कोणी अडवणार नाही. पहिल्या अर्जासाठी मे महिन्यापर्यंत थांबू नका; आत्ताच्या नोंदींवर तो द्या, आणि पावसाळ्याआधी मे अखेरच्या छायाचित्रांसह स्मरणपत्र पाठवा.

नीरांजन

पूर्वद्वार ताई, सह्यांच्या कागदावर आमच्या घरच्यांचीही नावे घ्या. नवरात्रात आम्ही ओटी भरायला येऊ तेव्हा काकूंबरोबर मीही पुजाऱ्यांशी बोलेन.

एक्सरकर

देवी हलवण्याचे माझे म्हणणे मी पुढे रेटत नाही. पाण्याचा बंदोबस्त झाला तर काजळीचा प्रश्न त्यामानाने हाताबाहेरचा नाही, हे पटते. मंडपेश्वराच्या माथ्यावरूनही पावसात पाणी उतरते. कातळवाट यांनी सांगितलेल्या पद्धतीने तिथल्या नोंदी आम्ही बोरिवलीकर या महिन्यापासून सुरू करतो. फूटपट्टी भिंतीला न लावता मापासाठी नेमकी कुठे धरावी, एवढे कृपया सांगावे.

कातळवाट

पातळ काठी जमिनीवर उभी करून तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि ती भिंतीपासून वीतभर पुढे धरा. काठी भिंतीला समांतर राहील आणि कॅमेरा तिच्या समोर, सरळ रेषेत असेल एवढे पाहा. फ्लॅश बंद ठेवून सकाळच्या उजेडात छायाचित्र घ्या, आणि कॅमेऱ्याची जागा जमिनीवर खडूने खूण न करता जवळच्या खांबापासून किती पावलांवर आहे ते वहीत लिहून ठेवा.